घरातल्या माणसाच्या व्यसनाची चाहूल : एका बहिणीच्या प्रश्नाला उत्तर

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. तुमचा धाकटा भाऊ २४ वर्षांचा आहे, पुण्यात रात्रपाळीची नोकरी करतो आणि गेल्या सात-आठ महिन्यांत बराच बदलला आहे. त्याचे वजन उतरले आहे, झोपेचा मेळ राहिलेला नाही, पगार होऊनही पैसे पुरत नाहीत, गौरी-गणपतीला तो एकच रात्र राहून काहीतरी कारण काढून निघून गेला आणि विचारायला गेले की अंगावर येतो. आई-वडील सोलापूर जिल्ह्यात गावी असतात आणि ‘लग्न लावून दिले की ताळ्यावर येईल’ असे आईचे म्हणणे आहे. वडील रोज रात्री ‘दोन पेग’ घेतात, पण श्रावण कडक पाळतात, त्यामुळे त्यांची काळजी नाही, असेही तुम्ही जाता जाता लिहिले आहे. भाऊ नशा करत असेल का आणि ते कोणत्या खुणांवरून ओळखावे, हे तुम्हाला हवे आहे.

पत्रावरून निदान करता येत नाही आणि मी ते करणारही नाही. मात्र मनोविकारतज्ज्ञ म्हणून व्यसनमुक्तीच्या कामात जे वारंवार दिसते, त्याच्या आधारावर काय पाहावे, कशाने फसू नये आणि पुढचे पाऊल कोणते, हे सांगता येईल. वडिलांबद्दलच्या त्या एका वाक्यावरही मला थोडे सविस्तर लिहावे लागेल, कारण तुमच्या पत्रात सर्वांत आधी डोळ्यांत भरले ते तेच.

कुटुंबे बहुतेक वेळा वस्तू शोधत असतात. बाटली, पुडी, चिलीम, वास, सुईची खूण असे काही हाती लागले की खरे आणि नाही लागले की आपलाच संशय खोटा, असा हिशोब घरोघरी चालतो. प्रत्यक्षात वस्तू सापडेपर्यंत बराच काळ गेलेला असतो, आणि आजच्या अनेक नशा अशा आहेत की त्यांना ना वास असतो ना बाटली. म्हणून मी घरच्यांना वस्तूऐवजी तीन गोष्टींकडे पाहायला सांगतो : वेळ, पैसा आणि माणसे. एखादा पदार्थ आयुष्याच्या मध्यभागी येऊन बसला की माणसाचा दिवस त्याच्याभोवती फिरू लागतो, पैसा त्याच्या दिशेने वाहू लागतो आणि जी माणसे त्याच्या आड येतात ती एकेक करून दूर होतात. ही तुलना नेहमी त्याची त्याच्याशीच करावी. मामेभाऊ कसा वागतो याच्याशी तिचा संबंध नाही. तुमचा भाऊ वर्षापूर्वी कसा होता आणि आज कसा आहे, एवढेच पाहायचे.

एकेकटी खूण फारशी कामाची नसते. रात्रपाळी करणाऱ्याचे डोळे लाल असतात. वजन थायरॉइडने, क्षयाने किंवा लहान वयात सुरू झालेल्या मधुमेहानेही उतरते. चिडचिड आणि एकटे राहणे हे नैराश्यातही दिसते, आणि पैसे अचानक पुरेनासे होण्यामागे अलीकडे मला ऑनलाइन रमी आणि क्रिकेटची सट्टेबाजी इतक्या वेळा सापडते की केवळ पैशावरून ‘पोरगा नशा करतो’ असा निष्कर्ष काढायला मी कुणालाही परवानगी देणार नाही. जुगाराचे व्यसन हेही व्यसनच आहे आणि त्याचे उपचारही आम्हीच करतो, पण त्यात लघवीच्या तपासणीत काहीच येत नाही आणि घरचे उगाच निर्धास्त होतात. तेव्हा चार-पाच बदल एकत्र आलेले आहेत का, ते काही आठवडे टिकून आहेत का आणि त्यांची किंमत नोकरी, तब्येत किंवा नाती या रूपाने मोजली जाते आहे का, हे पाहावे. तुमच्या वर्णनात बदल अनेक आहेत आणि कालावधीही पुरेसा आहे. त्यामुळे काळजी वाटणे रास्त आहे, कारण मात्र अजून ठरलेले नाही.

आता वेळेबद्दल. रात्रपाळीमुळे झोप बिघडणे आणि नशेमुळे झोप बिघडणे यांत एक फरक बहुतेक वेळा दिसतो. रात्रपाळीच्या माणसाची झोप उलटी असते, पण तिला एक नियम असतो. मेफेड्रोन, म्हणजे पोरे ज्याला ‘एमडी’ म्हणतात ते, घेणाऱ्याच्या झोपेला नियम राहत नाही : दोन-दोन रात्री डोळ्याला डोळा लागत नाही, भूक नसते, घाम येतो, जबडा आवळला जातो किंवा दात खाल्ले जातात, बोलणे भराभर चालते, आणि मग एक दिवस असा येतो की तो सलग चौदा-सोळा तास झोपतो आणि उठल्यावर खिन्न, रागीट, रिकामा असतो. सुट्टीच्या आधीची रात्र आणि सुट्टीनंतरचा दिवस यांवर नजर ठेवली तर हे चक्र लक्षात येते. नाकाने ओढणाऱ्याला वारंवार सर्दी असते किंवा नाकातून रक्त येते. पुढे पुढे संशय वाढतो, ‘माझा फोन कुणीतरी ऐकते आहे’, ‘खालची गाडी माझ्यासाठीच उभी आहे’ असे बोलणे सुरू होते, आणि घरच्यांना ते वेड वाटते. हा पदार्थ २०१५ मध्ये अंमली पदार्थविरोधी कायद्याच्या यादीत आला, पण पुण्या-मुंबईत त्याची सवय त्यानंतर कमी झाली असे म्हणता येणार नाही.

गांजाचे चित्र वेगळे असते. डोळे लाल, तोंड कोरडे, अवेळी सडकून भूक आणि मुख्य म्हणजे एक प्रकारची सुस्ती, जिच्यात क्रिकेट, गाणे, व्यायाम असे आवडीचे काहीही माणूस हळूहळू सोडून देतो आणि ‘बघू नंतर’ हे त्याचे उत्तर ठरून जाते. गांजा ‘नैसर्गिक’ आहे, महादेवाचा प्रसाद आहे, त्याचे व्यसन लागत नाही, ही समजूत आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या मुलांच्या तोंडी असते. रोज ओढणाऱ्याने तो थांबवला की झोप उडते, भूक मरते, चिडचिड होते, आणि ज्यांच्या घराण्यात स्किझोफ्रेनियासारखा आजार आहे त्यांच्यात तो आजार लवकर उफाळू शकतो.

गर्द (म्हणजे ब्राउन शुगर), कोडीनयुक्त खोकल्याचे औषध, ट्रामाडोलच्या वेदनाशामक गोळ्या या अफूच्या एकाच कुळातल्या गोष्टी आहेत. नशा चढलेली असताना बुबुळाचा काळा ठिपका टाचणीच्या डोक्याएवढा होतो, माणूस बसल्या बसल्या डुलक्या घेतो, अंग खाजवतो, त्याला बद्धकोष्ठ होतो. घरच्यांच्या लक्षात येते ती मात्र उलटी बाजू. माल न मिळाल्यावर आठ-बारा तासांत जांभया, नाक-डोळ्यांतून पाणी, अंगावर काटा, हातपाय तुटणे आणि जुलाब सुरू होतात. रुग्ण आपसात याला ‘टर्की’ म्हणतात. आईला हा ताप-सर्दीचा प्रकार वाटतो, ती काढा देते, आणि तासाभरासाठी ‘मित्राकडे जाऊन येतो’ म्हणून बाहेर पडलेला मुलगा परत येतो तो ठणठणीत होऊन. सर्दी तासाभरात बरी होत नाही. असे दोन-तीनदा घडले असेल तर ते लिहून ठेवावे.

अल्प्राझोलामसारख्या झोपेच्या गोळ्यांना काही भागांत ‘बटण’ म्हणतात. त्या घेणारा माणूस दारूचा वास नसताना अडखळत बोलतो, झोकांड्या खातो आणि आदल्या संध्याकाळचे त्याला काही आठवत नाही. व्यायामशाळेत जाणाऱ्या मुलांत मेफेंटरमाइनच्या इंजेक्शनचा गैरवापर दिसतो. हे औषध शस्त्रक्रियेच्या वेळी घसरलेला रक्तदाब वर आणण्यासाठी असते, आणि पिळदार शरीराकडे पाहून घरात कुणाला शंकाही येत नाही. लहान मुलांच्या बाबतीत, म्हणजे पाचवी-सातवीच्या वयात, पंक्चरचे सोल्युशन, व्हाइटनर, थिनर यांच्या वासाचे फडके आणि तोंडाभोवती पुरळ या खुणा पाहाव्यात. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या ‘एम्स’ने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत हुंगण्याच्या नशेचे प्रमाण मोठ्यांत ०.५८ टक्के, तर मुलांत १.१७ टक्के आढळले होते. मुले मोठ्यांच्या पुढे असलेला हा एकच प्रकार होता.

पैशाचे म्हणाल तर रकमेपेक्षा तिची तऱ्हा बोलते. महिन्याच्या दहा तारखेलाच खिसा रिकामा असणे, पाचशे-हजारांच्या मागण्या वेगवेगळ्या नातेवाइकांकडे एकाच आठवड्यात होणे, कारण दर वेळी निकडीचे आणि तपासता न येणारे असणे (मित्राचा अपघात, हरवलेले पाकीट, अडकलेला पगार), मोबाइलवरच्या झटपट कर्जाचे वसुलीचे फोन सुरू होणे, हातातली अंगठी ‘दुरुस्तीला’ जाणे. तुमच्या घरात एकदा शांतपणे आई, मामा, काका आणि तुम्ही यांनी गेल्या सहा महिन्यांत कुणी किती दिले ते एका कागदावर मांडा. मला खात्री आहे की प्रत्येकाला आपणच एकट्याने दिले असे वाटत असेल, कारण प्रत्येकाला ‘कुणाला सांगू नकोस’ असे सांगितलेले असते.

यावरून मी माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. घरात व्यसन आले आहे याची माझ्या मते सर्वांत भरवशाची खूण व्यसनी माणसात सापडण्याआधी घरच्यांच्या वागण्यात सापडते. आई पर्स उशीखाली घेऊन झोपू लागते. गाडीचा आवाज कसा आला यावरून आज मूड काय असेल याचा अंदाज बायको बांधते. साहेबांना ‘ताप आहे’ असा फोन घरातले दुसरेच कुणीतरी करते. लग्नकार्याला जाताना त्याला न्यावे की नाही यावर कुजबुज होते. पाहुणे यायचे असले की सगळे मनातल्या मनात प्रार्थना करतात. यातले एकही वागणे कुणी ठरवून केलेले नसते. घराची अब्रू आणि शांतता जपण्यासाठी प्रत्येक जण थोडे थोडे वाकतो आणि वाकलेल्या अवस्थेलाच नेहमीचे उभे राहणे समजू लागतो. तुमच्या पत्रात तुम्ही लिहिले आहे की गणपतीत तो निघून गेल्यावर आत्याला तुम्ही ‘त्याला अचानक कामावर बोलावले’ असे सांगितलेत. तो काय करतो हे तुम्हाला ठाऊक नाही, पण त्याच्यासाठी खोटे बोलण्याची गरज तुम्हाला भासली, आणि ती का भासली याचे उत्तर तुमच्याजवळच आहे.

भावाच्या बाबतीत जो चष्मा आपण लावला, तोच आता वडिलांकडे वळवू या. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या व्हिस्की-रममध्ये साधारण ४२.८ टक्के मद्यार्क असतो, त्यामुळे ३० मिलिलिटरमध्ये सुमारे १० ग्रॅम शुद्ध मद्यार्क पोटात जातो. घरी मापाने कुणी ओतत नाही. घरचा एक ‘पेग’ ६० ते ७५ मिलिलिटरचा सहज असतो, म्हणजे दोन पेग हे ४० ते ५० ग्रॅम झाले, आणि हे रोज. एक क्वार्टर म्हणजे १८० मिलिलिटर संपवली तर ६० ग्रॅम होतात, आणि जागतिक आरोग्य संघटना एका बैठकीतल्या ६० ग्रॅमला अतिमद्यपान मानते. ‘क्वार्टरवर जात नाहीत’ हे वाक्य आमच्याकडे संयमाचा दाखला म्हणून सांगितले जाते, म्हणून हा हिशोब दिला.

श्रावणाबद्दल मला आदर आहे. पंढरीची माळ घालून दारू कायमची सोडलेले वारकरी मी पाहिले आहेत, आणि श्रद्धेचे बळ औषधाच्या बळापेक्षा कमी आहे असे मी कधी म्हणणार नाही. मात्र एक महिना न पिणे याने व्यसन नाही हे सिद्ध होत नाही. श्रावणाचे पहिले तीन-चार दिवस कसे जातात, हे आईला विचारा. सकाळच्या चहाच्या वेळी बशी हातात खडखडते का, झोप येत नाही का, घाम फुटतो का, जेवण जात नाही का, छातीत धडधडते का? गटारीला किती होते, गणपती येताच किती होते आणि मधले दिवस बोटांवर मोजले जातात का? शरीराला दारूची सवय झालेली असेल तर शेवटच्या घोटानंतर सहा-आठ तासांत हातांची थरथर सुरू होते, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काहींना भ्रम होतो : भिंतीवर मुंग्या दिसतात, नसलेल्या माणसांशी बोलणे चालते, दिवस-रात्र कळत नाही. या शेवटच्या अवस्थेत उपचार मिळाले नाहीत तर माणूस दगावतो. इतक्या वर्षांत त्यांना फिट किंवा भ्रम कधीच झाला नसेल तर उत्तम. पण वय वाढते तसे हे धोके वाढतात, म्हणून पुढचा श्रावण डॉक्टरांशी बोलून पाळावा, एवढे त्यांना सांगायला हरकत नाही.

याच संदर्भात एक गोष्ट प्रत्येक घराने लक्षात ठेवावी. पाय मोडला, हर्नियाचे ऑपरेशन निघाले, डेंग्यूने दाखल केले, अशा वेळी ‘रोज घेतात’ हे डॉक्टरांना आणि भूल देणाऱ्या तज्ज्ञांना पहिल्याच दिवशी सांगा. लाजेने हे लपवले जाते, मग तिसऱ्या रात्री रुग्ण सलाइन उपटून पळायला लागतो आणि सगळे म्हणतात की भूल चढली किंवा बाहेरची बाधा झाली. आधी कळले तर थरथर आटोक्यात ठेवणारी औषधे आणि ग्लुकोजच्या आधी ब-१ जीवनसत्त्वाचे इंजेक्शन देऊन हे टाळता येते.

वडिलांचा विषय भावापासून तोडता येत नाही. दारूच्या व्यसनात आनुवंशिकतेचा वाटा सुमारे निम्मा असल्याचे जुळ्यांच्या अभ्यासांतून दिसून आले आहे. म्हणजे मुलगा व्यसनी होणारच असे नव्हे, पण त्याला सावध राहायचे जास्त कारण आहे. शिवाय भावाशी बोलायला गेल्यावर त्याचे पहिले उत्तर ‘आधी बाबांना सांग’ हे असेल, आणि त्याला तुमच्याकडे उत्तर असले पाहिजे.

आता काय करू नये ते सांगतो. त्याच्या खोलीची झडती, मोबाइल उघडणे, मित्रांना दम देणे यांतून माहिती थोडी मिळते आणि विश्वास पूर्ण जातो. गुपचूप लघवी तपासण्याचा सल्ला तुम्हाला कुणीतरी दिला आहे; तो मानू नका. कधीतरी गांजा ओढलेल्याच्या लघवीत तो साधारण तीन दिवस, तर रोज ओढणाऱ्याच्या लघवीत कित्येक आठवडे सापडतो, गर्द दोन-तीन दिवसांत नाहीसा होतो, बाजारातल्या अनेक तयार पट्ट्यांवर मेफेड्रोन तपासलेच जात नाही, आणि खसखस घातलेला पदार्थ खाल्ल्याने अफूची तपासणी खोटी होकारार्थी येऊ शकते. असा निकाल कसाही आला तरी तुमचे भांडणच वाढवील. तपासणी उपचारात, रुग्णाला सांगून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली करण्याची गोष्ट आहे.

वडिलांसाठी ‘न कळत दारू सोडवणारी’ पावडर आमटीत घालण्याचा विचार आई करत असेल, तर तिला कृपया थांबवा. अशा पुड्यांत काय असते हे कुणालाच माहीत नसते, आणि काहींत डायसल्फिराम असते. डायसल्फिराम हे चांगले औषध आहे, मी ते देतो, पण रुग्णाला पूर्ण कल्पना देऊन आणि हृदय-यकृत तपासून. ते पोटात असताना दारू प्यायली तर चेहरा लालबुंद होतो, उलट्या, धडधड होते, रक्तदाब कोसळतो, आणि हृदयविकार असलेला माणूस त्यात दगावू शकतो.

लग्नाबद्दल मी स्पष्टच लिहितो. उपचार म्हणून लग्न लावणे हा एका अनोळखी मुलीवर अन्याय आहे. आमच्या बाह्यरुग्ण विभागात नवऱ्याला घेऊन येणाऱ्या कित्येक तरुण बायका सांगतात की सासरच्यांना सगळे ठाऊक होते. जबाबदारी पडली की सुधारेल, हा अनुभव व्यसन जडण्याआधीच्या टवाळ पोरांचा असू शकतो. व्यसन जडल्यावर जबाबदारी हा ताणच असतो, आणि ताण हे पुन्हा नशा करण्याचे कारण.

मग बोलावे कसे? सणासुदीला, सगळ्यांसमोर किंवा तो नशेत असताना बोलू नये. तुम्ही मोठी बहीण आहात आणि त्याचा तुमच्यावर लोभ आहे असे दिसते, तेव्हा एकटीने पुण्याला जा, सुट्टीच्या दिवशी दुपारी, तो झोपून उठून जेवल्यावर. आरोप न करता जे पाहिले तेवढेच सांगा : ‘तुझे वजन उतरलेय, गणपतीत तू थांबला नाहीस, मामांकडून आणि माझ्याकडून एकाच आठवड्यात पैसे घेतलेस. मला भीती वाटतेय. काय चाललंय ते मला सांगशील का? मी आई-बाबांना तुझ्या परवानगीशिवाय सांगणार नाही.’ आणि मग गप्प बसा. हे गप्प बसणे फार अवघड असते, कारण तुम्हाला उपदेश करावासा वाटेल. दारू, गांजा, एमडी, गोळ्या, रमी, कर्ज यांची नावे घेऊन सरळ विचारायला हरकत नाही; विचारल्याने डोक्यात कल्पना शिरत नाही. ‘जीव नकोसा वाटतो का?’ हेही सरळ विचारा. नकार आला तर तो ना निर्दोषपणाचा पुरावा ना खोटेपणाचा. पहिल्या बोलण्यात कबुली मिळणे हे विरळाच, पण दार उघडे राहिले की तिसऱ्या-चौथ्या वेळी माणूस बोलतो. पैसे मात्र हातात देणे बंद करा. खोलीचे भाडे किंवा खानावळीचे बिल परस्पर भरा.

काही खुणा बोलण्याची वाट पाहण्याच्या नसतात. श्वास संथ आणि तुटक होणे, ओठ निळे पडणे, हाक मारून न उठणे, फिट येणे, छातीत दुखणे किंवा अंग अतिशय तापणे, भयंकर संशय येऊन स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करण्याची भाषा. अशा वेळी १०८ वर फोन करून रुग्णवाहिका बोलवा, बेशुद्ध असेल तर त्याला कुशीवर वळवा, ताक-लिंबूपाणी काही पाजू नका, आणि काय घेतले असावे याची शंका डॉक्टरांपासून लपवू नका.

पोलिसांच्या भीतीने अनेक कुटुंबे उपचार लांबवतात. रुग्णाची माहिती गुप्त ठेवणे हे २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने आमच्यावर बंधनकारक आहे, आणि दारू व अंमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्था या कायद्याने मानसिक आजारांत धरल्या आहेत. १९८५ च्या अंमली पदार्थविरोधी कायद्यातही, केवळ सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात, सरकारी किंवा मान्यताप्राप्त संस्थेत स्वतःहून उपचार घेऊन ते पूर्ण करणाऱ्या व्यसनी व्यक्तीला खटल्यापासून संरक्षण देणारे ६४-अ हे कलम आहे.

कुठे जावे, हे ठरवताना जाहिरातीपेक्षा नोंदणी पाहा. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचा किंवा जिल्हा रुग्णालयाचा मनोविकार विभाग ही सर्वांत स्वस्त आणि बहुतेक वेळा पुरेशी जागा असते. पुण्यात १९८६ पासून चालणारे मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहेच. दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्यासाठी चालवलेल्या अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या सभा विनामूल्य असतात, आणि कुटुंबीयांसाठी अल-अॅनॉनच्या. ‘गाडी पाठवतो, रात्रीत उचलून नेतो’ असे सांगणाऱ्या केंद्रांपासून दूर राहा. रुग्णाला साखळीने बांधणे कायद्याने निषिद्ध आहे, आणि इच्छेविरुद्ध दाखल करण्याची जी मोजकी परिस्थिती कायद्यात आहे तिच्यासाठी मनोविकारतज्ज्ञासह दोन जाणकारांनी स्वतंत्रपणे तपासणी करावी लागते. केंद्रात नियमित डॉक्टर येतात का आणि नातेवाइकांना भेटू देतात का, हे दोन प्रश्न विचारले की बराच उलगडा होतो. फोनवर बोलायचे असेल तर व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी टेलि-मानसचा १४४१६ हे क्रमांक विनाशुल्क आहेत.

भाऊ यायला तयार नसेल तरी पहिल्या भेटीला तुम्ही एकट्या येऊ शकता. कुटुंबाने आधी येऊन सल्ला घेणे हा आमच्या कामाचा नेहमीचा भाग आहे. येताना तारखांसह लिहिलेला एक कागद आणा : झोप कधीपासून बिघडली, कुणी किती पैसे दिले, वजन कधीपासून उतरले, घरात आणखी कुणाला व्यसन, नैराश्य, स्किझोफ्रेनिया किंवा आत्महत्येचा इतिहास आहे का. गोळ्यांची रिकामी पाकिटे किंवा औषधाच्या बाटल्या सहज नजरेस पडल्या असतील तर त्यांचे फोटो आणा. आणि शक्य असेल तर आईलाही सोबत आणा, कारण श्रावणातल्या पहिल्या चार दिवसांबद्दलचे प्रश्न मला तिलाच विचारायचे आहेत.